एसपीआयचा (एका बोर्डावरच्या चिपा ज्या वायरींवरून डेटा देतात-घेतात त्याचा) क्लॉक १ मेगाहर्ट्झला नीट चालतो, २० ला नेला की डेटा चुकतो, काय करू?
भाऊ, कोड सोड आधी, वायर बघ. वाळूजला कामाला असताना आमच्या बोर्डाला हेच व्हायलं होतं, आठ दिवस प्रोग्राम चाळत बसलो अन् निघालं काय तर क्लॉकच्या वायरीसोबत ग्राउंडच नव्हता, वीतभर लांबून फिरून यायला. करंटला परतायला जवळची वाट नसली की रिंगिंग होते, म्हणजे सिग्नल बदलल्यावर व्होल्टेज थोडा वेळ वरखाली हेलकावत राहतं, अन् २० ला एका बिटला मिळतात ५० नॅनोसेकंद, लाइन शांत व्हायच्या आत समोरचा वाचून मोकळा. क्लॉक निघतो तिथंच ३३ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाक, दुसऱ्या टोकाला नको. प्रत्येक आयसीच्या पॉवर पिनला चिकटून ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर लाव, दोन इंच लांब लावला तर न लावल्यासारखाच. ब्रेडबोर्डवर (भोकांत वायरी खोचायच्या पाटीवर) असशील तर २० चं राहूच दे राव. अन् स्कोपच्या (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राच्या) प्रोबची ती लांब ग्राउंड वायर काढ, बऱ्याचदा तिचीच रिंगिंग दिसते.