परत करायची तारीख

या वेळी आलेल्या पत्रांतली तीन घेतेय. पहिल्याला जागा जास्त दिलीय, कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने आणखीही काही जणांनी विचारलाय.

प्रश्न : मी पुण्यात कोथरूडला राहते, वय ४३. कॉलेजात असताना आठवड्याला दोन पुस्तकं सहज व्हायची. आता डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो तिथून पिशवी भरून आणते आणि ती तशीच पडून राहते. रात्री वाचायला घेतलं की दोन पानांत मोबाइल हातात येतो, मग रील्स, मग साडेअकरा. पलंगाशेजारी गठ्ठा झालाय, प्रत्येक पुस्तकात खूण विसाव्या पानाच्या आसपास. त्याच्याकडे बघितलं तरी अपराधी वाटतं. वेळ मिळत नाही हे खरं कारण आहे की मी स्वतःला फसवतेय? (ऑफिस रामवाडीला, वनाजहून मेट्रोने जाते.)

उत्तर : ताई, फसवत नाही आहात. सकाळचे डबे, ऑफिस, मुलांचे क्लास, येताना भाजी, यातून रात्री साडेदहाला जे काही शिल्लक राहतं ते वाचायला पुरत नाही हो, तेव्हा डोळे मिटायलाच आलेले असतात आणि मोबाइलला काही डोकं लावावं लागत नाही म्हणून तो जिंकतो. त्यामुळे रात्रीचं वाचन सध्या सोडून द्या. आणि तो गठ्ठा आजच्या आज पलंगाशेजारून उचलून कपाटात ठेवा, सगळाच्या सगळा. रोज झोपताना शेवटचं दर्शन अपराधाचं कशाला? विसाव्या पानावर सुटलेलं पुस्तक सुटू द्या, त्यातलं एखादं स्वतःहून परत हाक मारेल.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात लिहिलीय. वनाज ते रामवाडी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, १६ स्टेशनं, एका बाजूला अर्ध्या तासाहून जास्त. आणि तुम्ही वनाजला चढता, तिथे गाडी सुरूच होते, म्हणजे सकाळी बसायला मिळायची शक्यता बरीच. हा वेळ दिवसातला सगळ्यात ताजा वेळ आहे आणि तो आत्ता मोबाइलला जातोय. मोबाइल बॅगेत तळाशी, डब्याच्या खाली, आणि पुस्तक वरच्या कप्प्यात, एवढी अदलाबदल करून बघा. जाडजूड कादंबरी नको, उभं राहायची वेळ आली तर एका हातात धरता येईल असा कथासंग्रह घ्या, एका प्रवासात एक कथा, मधेच कल्याणीनगर आलं आणि कथा अर्धी राहिली तर संध्याकाळी परतताना पुरी होते.

आता दुसरं, आणि हे मी अगदी आग्रहाने सांगतेय : लायब्ररी लावा. घरात एवढी न वाचलेली पुस्तकं असताना वर लायब्ररीची वर्गणी कशाला, असं घरचे म्हणतील, म्हणू द्या. विकत घेतलेल्या पुस्तकाला घाई नसते, ते पाच वर्षं थांबतं, दहा वर्षं थांबतं. लायब्ररीच्या पुस्तकाला परत करायची तारीख असते आणि पलीकडे एक माणूस असतो. माझं वाचन मुलं लहान असताना असंच बंद पडलं होतं. तेव्हा पेठेतल्या एका जुन्या लायब्ररीत जायचे, तिथे काउंटरवर ज्या बाई होत्या त्या पुस्तक परत घेताना शिक्का मारता मारता विचारायच्या, शेवट पटला का हो? एकदा मी न वाचताच परत करायला नेलं होतं, त्यांनी विचारलं आणि मला काही बोलताच येईना. त्यांनी काही न म्हणता तारीख वाढवून पुस्तक परत माझ्या हातात दिलं. त्या रविवारी कुकर लावून ओट्याशी उभी राहून मी ते संपवलं, आणि पुढच्या खेपेला आमचं त्या शेवटावरून चांगलं वीस मिनिटं भांडण झालं, मागे रांग लागलेली. माझं वाचन तिथून परत सुरू झालं. वाचन एकट्याने करायचं असतं हे खरं, पण टिकतं ते कुणीतरी विचारणारं असलं की.

आपल्याकडे तर या बाबतीत चंगळ आहे. लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचं. तुम्ही परतताना डेक्कनला उतरलात आणि नदी ओलांडलीत की नारायण पेठच. शनिवारी जाऊन या एकदा, नुसत्या कपाटांमधून हिंडून या.

प्रश्न : सासरे ८१ वर्षांचे, जन्मभर वाचणारे. दोन्ही डोळ्यांच्या मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, त्रास आहे, डॉक्टर म्हणाले गेलेली नजर परत येणार नाही. भिंगातून पेपरचे मथळे तेवढे लागतात. मुलाने ऑडिओबुक लावून दिलं तर पाच मिनिटांत हेडफोन काढून ठेवला. मी वाचून दाखवते म्हटलं की "तुला कशाला त्रास" म्हणतात आणि दिवसभर गप्प बसतात. — सदाशिव पेठ

उत्तर : त्यांना ऑडिओबुक का नको असेल ते मला समजतं. ते थांबत नाही. चांगल्या वाचणाऱ्या माणसाला मधेच थांबून "हे चुकीचं लिहिलंय" म्हणायचं असतं, मागचं वाक्य परत ऐकायचं असतं, आणि यंत्राला ते कसं सांगणार?

वाचून दाखवू का, असं विचारू नका, विचारलं की ते नाहीच म्हणणार. चारचा चहा झाला की पेपर घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि अग्रलेख मोठ्याने वाचायला लागा. पहिले दोन दिवस अवघड वाटेल. तिसऱ्या दिवशी ते मधे बोलतील, तेव्हा लगेच थांबा, वाचन तिथेच राहिलं तरी चालेल. पुस्तक नंतर, आणि कुठलं ते त्यांनी सांगायचं.

ऐकून वाचणं ही काही कमीपणाची गोष्ट नाही हो. माझी आजी चातुर्मासात वाड्यात पोथी वाचायची, समोर बायका बसायच्या, हाताने वाती वळत, त्यातल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती पण ओवी चुकली की पटकन टोकायच्या. त्यांना वाचक नाही तर काय म्हणायचं?

घरात नातवंडं असतील तर आठवड्यातून दोनदा त्यांना वाचायला बसवा. इंग्रजी शाळेतलं मूल जोडाक्षरांना अडखळणार, आणि आजोबांना न बघता ते दुरुस्त करता येणार. मला वाटतं त्यांना सध्या पुस्तकापेक्षा हे जास्त हवंय, आपली कुणाला तरी गरज आहे हे. दिवाळीच्या सुमाराला काही लायब्रऱ्या ठरावीक वर्गणीत दिवाळी अंक वाचायला देतात, ते घ्या. दिवाळी अंकांची ही परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची, आणि अंकात छोटं छोटं बरंच असतं, वाचून दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

प्रश्न : आजोबांची सही असलेलं पुस्तक मित्राला दिलं होतं. दोन पावसाळे काढून परत आलं, कडा फुगलेल्या, पानांवर बुरशीचे ठिपके, कुबट वास, शिवणीपाशी कसर. मित्राशी बोलणं टाकावंसं वाटतंय. पुस्तक वाचेल का? — सहकारनगर

उत्तर : वाचेल. आधी त्याला बाकीच्या पुस्तकांपासून लांब ठेवा. कडक उन्हात घालू नका, कागद पिवळा पडून कडकडीत होतो. उघडून उभं ठेवा आणि पंख्याखाली चार-पाच दिवस राहू द्या, दर दहा-पंधरा पानांमागे कोरा टिपकागद घाला आणि रोज बदला. पूर्ण वाळलं की गॅलरीत नेऊन, नाकाला रुमाल बांधून, मऊ कोरड्या ब्रशने ठिपके झटका. ओलं असताना झटकलंत तर बुरशी कागदात मुरते. कसर येते ती जुन्या बांधणीतल्या खळीसाठी, म्हणून पुठ्ठा आणि शिवण नीट झटका. नंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, ओल आत कोंडते. कपाट भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं पुढे ओढा.

मित्राला फोन करा आणि पुस्तकाचं काय झालंय, वाईट वाटलंय, हे सरळ सांगा. त्याने दोन वर्षांनी का होईना आणून दिलंय, माझी काही आलीच नाहीत. त्याने ते वाचलं का तेही विचारा.

सहीच्या पानाला मात्र ओलं फडकं लावू नका, जुनी शाई सुटू शकते.