सीडी५९ ची अँटीबॉडी फ्लोला चालते पण वेस्टर्नला बँडच नाही, क्लोन बदलू का?

म्हणजे तुमचं असं झालंय की सीडी५९ (कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली पेशी फोडणारी प्रोटीनं, यापासून पेशीला वाचवणारं पृष्ठभागावरचं प्रोटीन) साठी एमईएम-४३ क्लोनची अँटीबॉडी मागवली, नॉर्मल रक्ताच्या आरबीसीवर (लाल पेशींवर) फ्लोला, म्हणजे अख्ख्या पेशींना अँटीबॉडी चिकटते का ते बघणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीला, झकास पीक आला, वेस्टर्न ब्लॉटला (जेलवर प्रोटीनं वेगळी करून मेम्ब्रेनवर घेतात तो) मात्र मेम्ब्रेन कोरी, गाइड म्हणतात अँटीबॉडी खराब आहे दुसरा क्लोन (त्याच प्रोटीनसाठी वेगळ्या पेशींतून बनवलेली अँटीबॉडी) मागव, आणि तुम्हाला पुढे याच अँटीबॉडीने ब्लॉकिंग (सीडी५९ चं काम अडवणं) पण करायचंय.

मागवू नका. आधी सांगा, सॅम्पलच्या डायमध्ये डीटीटी किंवा बीटा-मर्कॅप्टो (प्रोटीनमधले डायसल्फाइड बाँड तोडणारी रिड्युसिंग रसायनं) आहे ना? असणारच. प्रत्येक लॅबमध्ये कोणीतरी कधीतरी बनवून फ्रीजरमध्ये ठेवलेला एकच डाय असतो आणि सगळे तोच ओततात.

एवढं तावातावाने लिहितेय कारण अगदी हेच माझ्या वाट्याला आलंय. २०१३ ची गोष्ट, रबाळे एमआयडीसीत एका लहानशा लॅबला ज्युनिअर होते, ऐरोलीहून यायचे. पीएनएच (कॉम्प्लिमेंटमुळे लाल पेशी फुटतात तो रक्ताचा आजार) च्या सॅम्पलवर काम होतं. पिगा जीन बिघडला की जीपीआय अँकर (ही प्रोटीनं पेशीच्या पडद्याला धरून ठेवणारी दोरी) बनत नाही आणि सीडी५५, सीडी५९ दोन्ही पेशीवरून गायब, म्हणजे आमच्याकडे कोरी लेन हाच आजाराचा पुरावा, आणि इथे नॉर्मल माणसाची लेनसुद्धा कोरी! तीन वेळा ब्लॉट केला, तिन्ही वेळा तेच. आमच्या सरांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की हिने व्हायल बाहेर ठेवली असणार, पावसात लाइट गेली तेव्हा लक्ष दिलं नसणार. मी तेव्हा गप्प बसले. त्याच व्हायलने फ्लोला रोज पीक येत होता हे माझ्या वहीत तारखेनिशी होतं, तरी मला बोलता आलं नाही, ते अजून खुपतं.

त्या रात्री घरी बसून डेटाशीट नीट वाचली तर एका ओळीत स्पष्ट, वेस्टर्न फक्त नॉन-रिड्युसिंगमध्ये, म्हणजे डीटीटी वगैरे न घालता. आणि बरोबरच आहे, एवढंसं ७७ अमिनो अॅसिडचं प्रोटीन आणि त्यात १० सिस्टीन, म्हणजे पाच डायसल्फाइड बाँड. सगळा आकार त्या पाच गाठींवर उभा आहे, त्या तुम्ही डीटीटीने सोडल्यात तर अँटीबॉडीने ओळखायचं तरी काय? अँटीबॉडी खराब नव्हती, आम्हीच प्रोटीनचा चेहरा पुसून मग तिला विचारत होतो की ओळखतेस का.

दुसऱ्या दिवशी एकाच जेलवर दोन्ही सॅम्पल लावले, डीटीटीवालं एका टोकाला, बिन-डीटीटीचं दुसऱ्या टोकाला, मध्ये तीन लेन रिकाम्या (हे कराच, डीटीटी शेजारच्या लेनमध्ये पसरतं). घोस्ट (हिमोग्लोबिन काढून टाकलेले आरबीसीचे रिकामे पडदे) पण नव्याने बनवले. आधीचे गुलाबीसर होते, या वेळी थंड हायपोटॉनिक बफरने पेलेट पांढरी होईपर्यंत धूत बसले, कारण हिमोग्लोबिनची चेन १६ केडीए (प्रोटीनच्या वजनाचं माप) च्या आसपास पळते आणि हीममुळे ईसीएलला (ब्लॉटवरचे बँड चमकवणारं रसायन) स्वतःच चमकते, मग बँड कुठला आणि हिमोग्लोबिन कुठलं कळत नाही. संध्याकाळी साडेसातला डेव्हलप केलं. एका बाजूला काहीच नाही, दुसऱ्या बाजूला २० केडीएच्या जवळपास जाडसर, जरा पसरट बँड. (पसरटच येतो, प्रोटीनला जोडलेल्या साखरेमुळे.) डार्करूममध्ये एकटीच होते, ओली फिल्म हातात धरून किती वेळ तशीच उभी होते.

सरांना दाखवली. म्हणाले, ठीक आहे, पुढचे सॅम्पल लाव. मीटिंगमध्ये जे बोलले ते मात्र कधीच मागे घेतलं नाही. म्हणून सांगते, तुमच्या गाइडना तोंडी सांगायला जाऊ नका, दोन्ही लेन एकाच फिल्मवर घेऊन जा आणि डेटाशीटमधली ती ओळ अधोरेखित करून सोबत ठेवा. आणि वहीत नुसतं अँटी-सीडी५९ असं कधीही लिहू नका, क्लोन, लॉट नंबर, आयसोटाइप (अँटीबॉडीचा प्रकार) सगळं लिहा. ज्या लॅबच्या रजिस्टरमध्ये क्लोनचं नाव नसतं तिथे खापर नेहमी ज्युनिअरच्या डोक्यावर फुटतं, हे माझं ठाम मत आहे.

आता ब्लॉकिंगचं. माझा हात फ्लो आणि ब्लॉटवर बसलेला, त्यामुळे थोडक्यात. चिकटते म्हणजे ब्लॉक करते असं नसतं, सीडी५९ चं सी९ (कॉम्प्लिमेंटमधलं पेशीला भोक पाडणारं प्रोटीन) अडवण्याचं काम जिथून होतं तीच जागा झाकली गेली पाहिजे, लोक त्यासाठी ब्रिक-२२९ हा सीडी५९ चाच दुसरा क्लोन वापरतात. शिवाय एमईएम-४३ ही माउस आयजीजी२ए आहे, ती स्वतःच कॉम्प्लिमेंट चालू करू शकते, मग लायसिस (पेशी फुटणं) वाढला तो ब्लॉकिंगमुळे की अँटीबॉडीमुळे हे सांगता येणार नाही. आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची पण सीडी५९ ला न चिकटणारी अँटीबॉडी) हवाच, जमलं तर एफ-एबी-टू (कॉम्प्लिमेंट चालू करणारं शेपूट कापलेली अँटीबॉडी) घ्या. व्हायलमध्ये सोडियम अझाइड (टिकवण्यासाठी घातलेलं, पेशींना विषारी) असेल तर जिवंत पेशींवर घालण्याआधी डायलिसिस करा.

हो, आणि एक राहिलं, वरचं सगळं माणसाच्या पेशींसाठी आहे. सॅम्पल उंदराचं असेल तर ही अँटीबॉडी चालणारच नाही, तिथे मग खरंच दुसरी मागवा. आणि फ्लोसाठी पीई (चमकणारा रंग) लावलेली व्हायल असेल तर ती चार अंशांवर ठेवा, फ्रीजरमध्ये टाकू नका.