खालच्या घराचे नुकसान आणि आपली पॉलिसी

वाचकांचे प्रश्न : विमा

प्रश्न : आम्ही मुलुंडला सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो. आम्ही बाहेरगावी असताना वॉशिंग मशीनचा पाइप नळावरून निसटला आणि खालच्या घरातील फॉल्स सीलिंग, वायरिंग व टीव्ही खराब झाला. यजमानांनी संकोचापोटी त्याच दिवशी ‘सगळे भरून देतो’ असे सांगून टाकले. आमच्या घराचा ‘भारत गृह रक्षा’ विमा आहे. पण हा खर्च त्यात बसत नाही, असे कंपनी म्हणते. हे बरोबर आहे का?

उत्तर : कंपनीचे म्हणणे बरोबर आहे. १ एप्रिल २०२१ पासून विकली जाणारी ही प्रमाणित पॉलिसी आपली वास्तू आणि आपल्या घरातील सामान यांच्यापुरती आहे. पाण्याची टाकी, उपकरण किंवा नळ फुटून अथवा ओसंडून आपले स्वतःचे सामान भिजले, तर तिच्याखाली दावा करता येतो. दुसऱ्याला द्यावी लागणारी भरपाई मात्र तिच्या कक्षेबाहेर राहते. खालच्या कुटुंबाची स्वतःची अशी पॉलिसी असेल, तर त्यांनी आधी तिच्याखाली दावा करणे सोयीचे ठरेल. मात्र त्यांच्या कंपनीने त्यांना पैसे दिल्यावर ती रक्कम आपल्याकडून वसूल करण्याचा हक्क त्या कंपनीकडे येऊ शकतो, हेही ध्यानात असू द्यावे.

आपल्याला हवा होता तो वैयक्तिक दायित्व विमा, म्हणजे आपल्यामुळे झालेल्या दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा. आपल्याकडे तो स्वतंत्रपणे फारसा घेतला जात नाही. गृहविम्याच्या पॅकेज पॉलिसीत ‘सार्वजनिक दायित्व’ असा ऐच्छिक विभाग असतो, तो मागणी करून घ्यावा लागतो. गंमत अशी की ज्यांच्याकडे गाडी आहे ते असा विमा भरतच असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्तीचा असलेला ‘थर्ड पार्टी’ विमा म्हणजे दायित्व विमाच, पण तो वाहनामुळे घडलेल्या अपघातापुरता.

दायित्व विमा नुकसान झाले एवढ्यावरून पैसे देत नाही; त्या नुकसानीस आपण कायद्याने जबाबदार असलो, तरच देतो. मशीनचा नळ चालू ठेवून बाहेरगावी जाणे हा निष्काळजीपणा मानला जाण्याची शक्यता आहे, आणि तसे ठरले तर भरपाई देय होते; शेजाऱ्याने अवाच्या सवा किंवा निराधार मागणी केली, तर कंपनीच्या संमतीने झालेला वकिलाचा व न्यायालयाचा खर्चही अशा पॉलिसीत सहसा येतो.

म्हणूनच आमचा खरा आक्षेप यजमानांच्या त्या वाक्याला आहे. कंपनीच्या लेखी संमतीवाचून जबाबदारी कबूल करू नये, रक्कम ठरवू नये, आश्वासन देऊ नये, अशी अट दायित्वाच्या पॉलिसीत जवळजवळ नेहमीच असते, आणि ती मोडली तर चांगला दावाही फेटाळला जाऊ शकतो. आपल्याकडे असा विमा नव्हता, त्यामुळे त्या वाक्याने विम्याचे काही बिघडले नाही. पण पुढे तो घेतला, तर खाली जाऊन दिलगिरी व्यक्त करावी, पाणी उपसायला मदत करावी, छायाचित्रे काढून ठेवावीत, कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि पैशाचा शब्द सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा तज्ज्ञ) येऊन जाईपर्यंत काढू नये. शेजारधर्म त्याने कमी होत नाही.

आणखी एक. मुंबईतील बहुतेक भांडणे अशा अचानक सुटलेल्या पाण्याची नसून वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या मोरीची असतात. देखभालीअभावी हळूहळू होणारी गळती हा अपघात नसल्याने ती सामान्यतः वगळलेली असते. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास, सिंक यांमुळे होणारी अंतर्गत गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, तर पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामाईक नळांची गळती संस्थेने.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या चेंडूने आवारातील मोटारीची काच फुटली. भरपाई आम्हीच द्यायची का?

उत्तर : मुलाची प्रत्येक कृती पालकांच्या माथी आपोआप येत नाही, देखरेखीत आपला स्वतःचा हलगर्जीपणा झाला असेल, तर येते. गाडीचा सर्वंकष विमा असल्यास मालक तेथून काच बदलून घेऊ शकतील. दायित्व विमा घेताना त्यात मुले, घरकामाला येणारी माणसे आणि कुत्रा यांचा उल्लेख आहे की नाही, हे वाचूनच सही करावी.

प्रश्न : मुलगी शिकायला जर्मनीला जात आहे. तिकडे दायित्व विमा घ्यावाच, असे तिचे सीनियर सांगतात. आरोग्य विमा असताना याची गरज काय?

उत्तर : आरोग्य विमा तिच्या उपचारांसाठी आहे, हा दुसऱ्यांच्या नुकसानीसाठी. तेथे दायित्व विमा सक्तीचा नाही. परंतु जर्मन नागरी संहितेच्या कलम ८२३ नुसार निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या शरीराला किंवा मालमत्तेला इजा करणाऱ्याला भरपाई द्यावी लागते आणि तिला रकमेची वरची मर्यादा नाही. त्यामुळे सायकलवरून कोणाला धडक बसली, तरी प्रकरण फार मोठे होऊ शकते. येथून घेतलेल्या विद्यार्थी प्रवास विम्यात दायित्वाचा विभाग असल्यास त्याची मर्यादा आणि मुदत पाहावी. तिकडची पॉलिसी घेताना भाड्याच्या खोलीचे नुकसान आणि किल्ली हरवणे या दोन बाबी तिच्यात असाव्यात, कारण एका किल्लीपायी साऱ्या इमारतीची कुलुपे बदलण्याचा खर्च भाडेकरूवर येऊ शकतो.