सातव्या किलोमीटरनंतर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. धावणं कायमचं सोडावं का?

तुम्ही लिहिलंय की सात किलोमीटरपर्यंत काहीच होत नाही, मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी टोचल्यासारखं दुखतं. थांबलात की पाच-दहा मिनिटांत जातं, पण त्या दिवशी जिना उतरताना पुन्हा कळ येते. २१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन सहा आठवड्यांवर आली आहे आणि घरचे 'गुडघे झिजले' म्हणून मागे लागलेत.

मी डॉक्टर नाही, पण हे दुखणं मी भोगलंय. कोल्हापुरात रंकाळ्याभोवती सपाटीवर सराव केला आणि थेट सातारा हिल हाफ मॅरेथॉनला उभा राहिलो. तिथे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. चढावर दम निघाला, पण गुडघा गप्प होता. उतार लागला आणि तीन किलोमीटरांत उजवा गुडघा बोलायला लागला. गंमत म्हणजे पाय ताठ ठेवून, लाकडी पाय असल्यासारखा टाकत चाललो की दुखत नव्हतं. जरासा वाकवला की कळ. खाली साताऱ्याची घरं दिसत होती आणि मी तसाच लंगडत उतरलो.

पाय ताठ ठेवल्यावर का दुखत नव्हतं, ते नंतर फिजिओथेरपिस्टने सांगितलं. कमरेच्या खुब्यापासून मांडीच्या बाहेरून एक जाड पट्टा गुडघ्याखाली नडगीच्या हाडापर्यंत येतो. त्याला इलिओटिबियल बँड म्हणतात, धावणारे नुसतं 'आयटी बँड' म्हणतात. गुडघा साधारण ३० अंशांत वाकला की हा पट्टा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर दाबला जातो आणि खालचा नाजूक थर चिडतो. हळू धावताना आणि उतारावर पायावर भार येतो तो नेमका याच कोनात, हजारो वेळा. म्हणून पहिले काही किलोमीटर काही जाणवत नाही आणि मग अचानक सुरू होतं.

तेव्हा आधी एका बोटाने दुखरी जागा दाखवता येते का बघा. बोट बाहेरच्या हाडावर, सांध्याच्या जरा वर गेलं तर बहुधा हेच. वाटीच्या मागे किंवा भोवती दुखत असेल, एसटीत दोन तास बसल्यावर वाढत असेल, तर ते 'रनर्स नी'. त्याचे व्यायाम थोडे वेगळे असतात. गुडघा सुजला, अडकला, दगा देऊन वाकला किंवा रात्री झोपेतही दुखला, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

झिजेबद्दल म्हणाल तर मलाही एका डॉक्टरांनी न तपासताच 'धावणं बंद' सांगितलं होतं. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडणी झाली: हौशी धावणाऱ्यांत गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण सुमारे ३.५ टक्के, न धावणाऱ्यांत सुमारे १० टक्के, आणि वरच्या स्तरावर स्पर्धा करणाऱ्यांत सुमारे १३ टक्के. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात, हेही त्यात आलं, त्यामुळे धावणं म्हणजे औषध असा अर्थ काढू नका. पण घरच्यांना दाखवायला हे आकडे पुरेसे आहेत.

माझं मूळ गुडघ्यात नव्हतंच. फिजिओने मला पायरीवर एका पायावर उभं केलं, दुसऱ्या पायाची टाच हळू जमिनीला टेकवायला सांगितली आणि समोरून मोबाईलवर चित्रण केलं. उजवा गुडघा दर वेळी आत कलत होता आणि डावीकडची कंबर खाली घसरत होती. म्हणजे खुब्याच्या बाहेरचे स्नायू कच्चे, आणि त्याचा ताण पट्ट्यावर. त्यात मी दोन आठवड्यांत, आठवड्याला २५ किलोमीटरवरून ४२ वर उडी मारली होती. हे स्वतःच्या हाताने केलेलं.

उपाय अगदी कंटाळवाणे आहेत. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून उचलणे, साइड प्लँक (कुशीवर कोपर टेकून शरीर सरळ उचलून धरणे) आणि तीच पायरीवरची उतरण, आठवड्यातून तीन-चार दिवस. फोम रोलर, म्हणजे स्नायू चोळायचा फोमचा लोड, मांडीच्या बाहेरून फिरवून मी डोळ्यांत पाणी काढलं, पण तो पट्टा इतका चिवट की रोलरने लांबत नाही. रोलर कुल्ल्यावर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर फिरवा. धावणं पूर्ण बंद न करता दुखणं सुरू होण्याच्या आतच थांबायचं. सातव्याला दुखतं ना, मग चार-पाच करा, तेही सपाटीवर. पावलं थोडी आखूड आणि मिनिटाला ५ ते १० टक्के जास्त टाका, गुडघ्यावरचा भार खरोखर कमी होतो. वेदनाशामक गोळी घेऊन मात्र धावू नका: कळ झाकली जाते आणि घामाने शरीर कोरडं पडलेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात.

राहिली सहा आठवड्यांवरची स्पर्धा. चौथ्या आठवड्याच्या शेवटी १२ किलोमीटर कळ न येता झाले, तर जा आणि उतारांवर बिनधास्त चाला. नाही झाले तर या वेळी नंबर सोडून द्या. मला पुन्हा सलग २१ धावायला साडेतीन महिने लागले, आणि त्यातला पहिला महिना मी व्यायाम टाळण्यातच घालवला होता.