चार वर्षांपूर्वी डिप्रेशनची ट्रीटमेंट झाली होती, गोळ्या घेतल्या होत्या, तरी खानापूरला (जि. बेळगाव) पीक राखायला बंदुकीचं लायसन मिळेल का?

खानापूरकडं रानडुकरं आणि गवे भात कसं तुडवतात ते मी बघितलंय, त्यामुळं तुमची गरज कळते. पण आजार लपवू नका. माहिती लपवून घेतलेलं लायसन शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १७ खाली रद्द होऊ शकतं.

त्या कायद्यात अडसर 'अनसाउंड माइंड'चा, म्हणजे मन ताळ्यावर नसण्याचा आहे. चार वर्षांपूर्वी घेतलेल्या गोळ्या म्हणजे ते नव्हे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ३ सांगतं की कोर्टानं ठरवल्याशिवाय नुसत्या मानसिक आजारावरून कुणाला तसं धरता येत नाही. तरी अर्जासोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतंच, त्यात मनाच्या तब्येतीचाही उल्लेख असतो. ज्यांनी ट्रीटमेंट दिली त्याच डॉक्टरांकडून आत्ताच्या तब्येतीचं पत्र घ्या आणि सोबत जोडा. मग पोलीस रिपोर्ट, निर्णय बेळगावच्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात. फॉर्म कन्नडमध्ये असेल तर समजून घेतल्याशिवाय सही नको. नाकारलं तर लेखी कारण मागा, अपील करता येतं.

एक मनापासून विचारतो: मरणाचे विचार कधी आले होते का? आले असतील तर दादा, बंदूक घरात नकोच, सोलरचं कुंपण घाला. आत्ताही येत असतील तर १४४१६ या टेली-मानस हेल्पलाइनवर आजच बोला.