स्टिरॉईडमुळे लहान मुलांच्या हृदयाचे ठोके मंदावतात का?

हो, मंदावू शकतात. तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला तीन दिवस सलाईनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड दिलं, काल रात्री झोपेत तिचे ठोके मिनिटाला 52 वर आले, मॉनिटर वाजायला लागला आणि सिस्टर ‘औषधामुळे होतं’ म्हणून निघून गेल्या, असं तुम्ही लिहिलंय. सिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाही, पण तेवढ्याने कुठल्या आईचा जीव थाऱ्यावर येणार? मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हा परिणाम फारसा दिसत नसला तरी वैद्यकात ओळखीचा आहे. तो मुख्यतः मोठ्या मात्रेत दिसतो, म्हणजे वजनाच्या दर किलोला 10 ते 30 मिलिग्रॅम. बहुतेक मुलांत ठोक्यांची लय बिघडत नाही, फक्त वेग कमी होतो. मुलाला काही जाणवतही नाही आणि डोस संपल्यावर काही दिवसांत नाडी आपोआप पूर्ववत होते. शिवाय गाढ झोपेत कुणाचेही ठोके कमीच असतात.

अशा वेळी मी मॉनिटरवर विसंबत नाही. मुलाला उठवते, मनगट धरून पूर्ण एक मिनिट नाडी मोजते. हातपाय गरम आहेत का, नीट बोलतंय का, बाथरूमपर्यंत चालून आल्यावर ठोके वाढतात का, हे बघते. वाढले तर माझी निम्मी काळजी मिटते. तरी रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम बघायचंच. स्टिरॉईडने पोटॅशियम उतरू शकतं, सोबत लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर जास्तच, आणि मग ठोके अनियमित होण्याची भीती असते. मुलाला कावासाकी (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) किंवा संधिवाताचा ताप असेल, तर हृदयाला मूळ आजारानेच धक्का बसलेला असू शकतो. तिथे औषधाला दोष देऊन मोकळं होणं मला अजिबात पटत नाही.

एक विनंती, घरी जायची घाई असली तरी ‘सलाईन जरा जोरात सोडा’ म्हणू नका. अर्ध्या ग्रॅमहून मोठा डोस दहा मिनिटांच्या आत दिल्यावर लय बिघडल्याच्या, हृदय बंद पडल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून तो सावकाश देतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन दिल्यावर कधी कधी हृदयाचा स्नायू जाड होतो. औषध थांबल्यावर तो सहसा पूर्ववत होतो. तुमच्या मुलीच्या वयात त्याची चिंता नको. तिच्या बाबतीत रक्तदाब वाढणं त्याहून कितीतरी नेहमीचं आहे.

चक्कर, बेशुद्धी, धाप, छातीत दुखणं, थंड घाम, किंवा जागेपणीही नाडी मंदच राहणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना लगेच बोलवा. पुढे गोळ्या चालू राहिल्या तर घाबरून स्वतःहून बंद करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉईड एकाएकी तोडलं तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड अपुरं पडतं, रक्तदाब कोसळतो, आणि ते मंद नाडीपेक्षा खूप धोक्याचं आहे.

उद्या राउंडला डॉक्टर आले की ईसीजी आणि पोटॅशियमचा रिपोर्ट विचारा, आणि तिला आधीपासून ठोके मंद करणारं एखादं औषध चालू असेल, जसं की प्रोप्रॅनोलॉल, तर तेही सांगा.