तुटक रेषा कागदावरही तुटकच दिसली पाहिजे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या प्रोग्रॅममधील लाइनटाइप स्केलविषयी, म्हणजे तुटक रेषेचा डॅश किती लांब यावा हे ठरवणाऱ्या आकड्याविषयी, बडोद्यातील मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून, रावपुऱ्यातील छोट्या ड्रॉइंग ऑफिसांतून आणि डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांकडून वर्षभर तेच प्रश्न येत राहतात. बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, तो म्हणजे पडद्यावर डॅश नीट दिसला की झाले. काम मात्र हातात कागद धरलेला माणूस करतो.

प्रश्न : स्केल बदलले तरी रेषेत काहीच फरक दिसत नाही. (विद्यार्थी, फतेहगंज)

ड्रॉइंग पडद्यावर नव्याने काढणारा 'रीजेन' हा आदेश द्या. लेआउटमध्ये, म्हणजे छपाईच्या पानावर, अनेक व्ह्यूपोर्ट (ड्रॉइंगचा भाग ठरावीक स्केलला दाखवणाऱ्या चौकटी) असतील तर 'रीजेनऑल' द्या.

प्रश्न : एकाच लेआउटमध्ये 1:20 आणि 1:50 असे दोन व्ह्यूपोर्ट आहेत. दोन्हींत डॅशची लांबी वेगवेगळी येते. (रावपुरा)

त्या लेआउटमध्ये 'पीएसएलटीस्केल', म्हणजे डॅशची लांबी कागदाच्या मापात धरायची की नाही हे ठरवणारी सेटिंग, 0 झालेली आहे. ती 1 करा आणि 'रीजेनऑल' द्या, म्हणजे दोन्ही व्ह्यूपोर्टमध्ये डॅश कागदावर सारख्याच लांबीचा येईल. ही सेटिंग प्रत्येक लेआउटची स्वतंत्र असते, त्यामुळे एका लेआउटमध्ये बदलून बाकीचे तपासायचे राहून जातात. मॉडेलमध्येही, म्हणजे जिथे वस्तू पूर्ण मापात काढतो तिथेही, तसेच दिसावे असे वाटत असेल तर तिथली तशीच सेटिंग 'एमएसएलटीस्केल' 1 ठेवा आणि ॲनोटेशन स्केल प्रिंटच्या स्केलप्रमाणे निवडा.

प्रश्न : आमच्या ऑफिसात जो तो प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आपापल्या रेषेचे लाइनटाइप स्केल बदलतो. सीनियर म्हणतात, दिसायला चांगले असले की पुरे. हे बरोबर आहे का? (मकरपुरा)

बरोबर नाही, आणि या सवयीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. रेषेवर प्रत्यक्ष लागू होणारे स्केल हा गुणाकार असतो : संपूर्ण ड्रॉइंगचे 'एलटीस्केल' गुणिले त्या रेषेचे स्वतःचे स्केल. पहिला आकडा एका ठिकाणी बदलता येतो. दुसरा आकडा शेकडो रेषांमध्ये विखुरलेला राहतो आणि ज्याने तो घातला त्यालाही महिन्याभराने आठवत नाही.

माझ्यासमोर घडलेली गोष्ट सांगतो. एका बेसप्लेटच्या खालच्या बाजूला 40 मिमी लांबीची खाच होती आणि वरून पाहिलेल्या दृश्यात ती 'हिडन' या, वरून न दिसणाऱ्या कडांसाठीच्या, तुटक लाइनटाइपने दाखवली होती. मेट्रिक फाइलमध्ये या लाइनटाइपचा डॅश 6.35 मिमी आणि मोकळी जागा 3.175 मिमी असते. पूर्ण मापाच्या शीटवर डॅश ठसठशीत दिसावेत म्हणून कोणीतरी त्या रेषांचे स्केल 2 केले होते, म्हणजे डॅश 12.7 मिमीचा झाला. पुढे तेच दृश्य 1:5 च्या लेआउटमध्ये घेतले तेव्हा खाच कागदावर 8 मिमीची उरली. एका डॅशलाही पुरेशी जागा नसली की ऑटोकॅड ती रेषा सलग काढते, तशी ती निघाली. कारागिराने सलग रेषा पाहून खाच वरच्या बाजूने मारली आणि प्लेट भंगारात गेली. दोष कारागिरावर आला. तो त्याचा नव्हता.

म्हणून 'सेल्टस्केल', म्हणजे नव्या रेषेला आपोआप मिळणारे स्वतःचे स्केल, कायम 1 ठेवा आणि रेषेच्या प्रॉपर्टीजमधील स्केलला हात लावू नका. लहान डॅश हवा असेल तर 'हिडन2' हा अर्ध्या लांबीचा लाइनटाइप त्यासाठीच दिलेला आहे. तो वेगळ्या लेयरला द्या, म्हणजे कोणालाही तो लेयरच्या यादीत दिसेल. प्रिंट लहान होण्याचाही विचार करा : ए1 शीट ए3 वर छापली की प्रत्येक डॅश निम्मा होतो. बडोद्यात 1890 मध्ये कलाभवन सुरू झाले, तेव्हापासून इथे हाताने ड्रॉइंग शिकवले गेले आणि डॅश सारखा यावा यासाठी विद्यार्थ्यांनी शीटमागून शीट काढली. संगणक तेच काम एका आकड्यात करून देतो. तो आकडा कोणता, हे ऑफिसातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे आणि ड्रॉइंग मंजूर करणाऱ्या अभियंत्याकडून लेखी घ्यावे.

प्रश्न : प्रत्येक प्रिंट स्केलसाठी वेगळे 'एलटीस्केल' देणारा तक्ता एका क्लासमध्ये विकत मिळतो. घ्यावा का? (वाघोडिया रोड)

घेऊ नका. मॉडेल स्पेसमधूनच प्रिंट काढत, तेव्हा 1:100 साठी 100 अशा पटीत आकडा घालावा लागे. तो हिशेब आज तक्ता म्हणून विकणे ही विद्यार्थ्यांची फसवणूक आहे. 'पीएसएलटीस्केल' आणि 'एमएसएलटीस्केल' 1 असताना हे आकडे घातले तर लेआउटमधील रेषा सलग होतील.

प्रश्न : 'आयएसओ' नावाच्या लाइनटाइपचे डॅश फार लांब येतात. (विद्यार्थिनी, अलकापुरी)

ते 1 मिमी पेनासाठी आखलेले आहेत : डॅश 12, मोकळी जागा 3. आयएसओ 128 मध्ये ही लांबी रेषेच्या जाडीच्या पटीत धरलेली आहे, म्हणून 0.5 मिमी रेषेसाठी 'एलटीस्केल' 0.5 ठेवा. परीक्षेसाठी कोणता लाइनटाइप वापरायचा ते आपल्या प्राध्यापकांना विचारा.

प्रश्न : कंटूरच्या पॉलिलाइनवर डॅश दिसतच नाहीत. (सर्व्हेअर, पादरा)

पॉलिलाइन म्हणजे अनेक तुकड्यांची मिळून एक रेषा; डॅशचा नमुना तुकड्यातुकड्याने न मोजता संपूर्ण रेषेवर चालावा म्हणून 'प्लाइनजेन' 1 करा; आधी काढलेल्या पॉलिलाइनसाठी 'पीएडिट'मधील 'एलटाइप जेन' चालू करा.

प्रश्न : बाहेरच्या फाइलमधून भाग कॉपी केला की आमच्या मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये त्याच्या तुटक रेषा सलग होतात. (गोरवा)

नाव एक आणि व्याख्या दोन, असा हा प्रकार आहे. इंची फाइलमध्ये 'हिडन'चा डॅश 0.25 असतो आणि मेट्रिकमध्ये 6.35, म्हणजे 25.4 पट. तुमच्या ड्रॉइंगमध्ये इंची व्याख्या आधीच बसलेली असेल, तर त्याच नावाचा बाहेरून आलेला लाइनटाइप तीच व्याख्या घेतो. मेट्रिक फाइलमधून लाइनटाइप पुन्हा लोड करा. संपूर्ण फाइल एक्सरेफ म्हणून, म्हणजे कॉपी न करता बाहेरूनच, जोडत असाल तर तिचे स्वतःचे 'एलटीस्केल' धरले जात नाही, तुमच्या ड्रॉइंगचे लागू होते. त्यामुळे रेषांचा अर्थ बदलला नाही ना, हे फाइल पाठवणाऱ्याला प्रिंट दाखवून विचारा.

प्रश्न : जुनी ड्रॉइंग हळूहळू, वेळ मिळेल तशी सुधारली तर चालेल ना? (मांजलपूर)

जी आज शॉपफ्लोअरवर वापरात आहेत त्यांच्यासाठी चालणार नाही. ती याच आठवड्यात उघडा. 'क्यूसिलेक्ट'ने लाइनटाइप स्केल 1 नसलेल्या सर्व रेषा निवडा आणि ते 1 करा. रेषेचे रंगासारखे गुणधर्म लेयरप्रमाणे करणारा 'सेटबायलेयर' हा आदेश दिला की काम होते असे कोणी सांगितले असेल तर ते चूक आहे, त्याने हे स्केल बदलत नाही. ब्लॉकमधल्या, म्हणजे एकत्र बांधून एकच वस्तू केलेल्या आकृतीतल्या, रेषा या निवडीत येत नाहीत, त्यांच्यासाठी ब्लॉक एडिटर उघडावा लागतो. त्यानंतर प्रिंट काढून जुन्या प्रिंटशेजारी ठेवा, तुटकची सलग झालेली रेषा शोधा, मंजुरी देणाऱ्याची सही आणि नवा रिव्हिजन क्रमांक घ्या, आणि जुना कागद मशीनवरून परत आणा.